भारताची आरोग्यव्यवस्था अमेरिकेपेक्षा जास्त एफिशिएंट आहे का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी बरीच मेहनत घेतलेली दिसतेय म्हणून सविस्तर लिहिते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ते पुण्यात आणि भाऊ न्यू जर्सीत, तिकडची आरोग्यव्यवस्था चांगली की इकडची यावर फोनवर वाद झाला, मग ह्यांनी एक एक्सेल शीट बनवली. एका कॉलममध्ये देशाचं सरासरी आयुर्मान, दुसऱ्यात आरोग्यावर होणारा माणशी खर्च आणि तिसऱ्यात त्यांचा भागाकार. त्यात अमेरिका पार तळाला गेली, भारत बराच वर आला, बांगलादेश आपल्याही वर. आता त्यांचे प्रश्न दोन आहेत. भारत अमेरिकेपेक्षा एफिशिएंट आहे असं यावरून म्हणता येईल का? आणि येत नसेल तर खरी एफिशिएंट व्यवस्था कुठल्या देशाची, आपण कुणाचं मॉडेल घ्यावं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, नाही म्हणता येणार. दुसऱ्याला एका देशाचं नाव घेऊन उत्तर देता येत नाही, पण आपण कुणाकडे बघावं याबद्दल माझं ठाम मत आहे, ते पुढे येईलच.

मी पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य हा विषय) केलेली डॉक्टर आहे, पुण्यातच असते, आणि कामाचा मोठा भाग हॉस्पिटलांचं कॉस्टिंग हा राहिलाय. म्हणजे एका डिलिव्हरीला, एका डायलिसिसला, एका ओपीडी पेशंटला हॉस्पिटलला प्रत्यक्षात किती खर्च येतो ते पगार, औषधं, वीजबिल, मशीनची झीज सगळं धरून काढायचं. त्यामुळे 'एफिशिएंट' म्हटलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते, भागाकाराच्या वर काय ठेवलंय आणि खाली कुणाचा खर्च धरलाय. तुमच्या शीटमध्ये दोन्हीकडे घोळ आहे.

खालून सुरू करू. भारताचा माणशी आरोग्यखर्च २०२१-२२ च्या नॅशनल हेल्थ अकाउंट्सप्रमाणे (केंद्र सरकारचा देशाच्या आरोग्यखर्चाचा हिशोब) वर्षाला साधारण ६,६०० रुपये. अमेरिकेचा २०२२-२३ च्या सुमारास १३-१४ हजार डॉलर होता, त्यांच्या जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या वर. इतका फरक असला की भागाकारात कमी खर्च करणारा जिंकणारच, त्याने काहीही केलेलं नसलं तरी. उद्या एखाद्या देशाने आरोग्यावर एक रुपयाही खर्च केला नाही तरी तिथली माणसं पन्नासेक वर्षं जगतीलच की, मग तुमच्या शीटप्रमाणे तो देश अनंतपट एफिशिएंट! लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ साली देशांची उत्पन्नं आणि आयुर्मान एका आलेखावर मांडून दाखवलं होतं की सुरुवातीला रेष झपाट्याने चढते आणि मग सपाट होत जाते. आरोग्याच्या खर्चाचंही तेच. पहिले पैसे लसी, ओआरएस, सुरक्षित बाळंतपण, टीबीची औषधं यांत जातात आणि त्यातून माणसाला दशकं मिळतात, शेवटचे पैसे कॅन्सरच्या नव्या इंजेक्शनात जातात आणि त्यातून काही महिने. त्यामुळे गरीब देश आणि श्रीमंत देश एकाच भागाकारात बसवले की उत्तर आधीच ठरलेलं असतं.

पण याहून महत्त्वाचं, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय. न केलेला उपचार नेहमीच स्वस्त असतो. एखाद्या बाईला स्तनात गाठ लागली, तिने सहा महिने घरी सांगितलं नाही, मग तालुक्याला दाखवलं, मग पुण्याला जायला पैसे नाहीत म्हणून तीन महिने गेले आणि मग उपचाराची वेळच टळून गेली, तर या सगळ्यात देशाच्या खात्यावर खर्च किती पडला? जवळपास काहीच नाही. किडनी फेल झालेल्याला आठवड्यात तीनदा डायलिसिस लागतं, परवडत नाही म्हणून तो दोनदा करतो, देशाचा खर्च एक तृतीयांशाने कमी झाला. तुमच्या तिसऱ्या कॉलममध्ये हे दोघंही भारताची एफिशियन्सी वाढवतायत. हे वाचायला कसंतरी वाटतं पण शीट तेच म्हणतेय.

आणि जो खर्च होतो तो कुणाच्या खिशातून? त्याच अकाउंट्सप्रमाणे एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून उपचाराच्या वेळी भरतात. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा झालीय आणि ती मान्य करायलाच हवी. सरकारचा वाटा मात्र जीडीपीच्या १.८४ टक्के, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करू असं म्हटलं होतं. शिवाय जे कुठल्याच हिशोबात येत नाही ते वेगळंच. कुठल्याही मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या आवारात संध्याकाळी जाऊन बघा, प्रत्येक पेशंटमागे एकदोन नातेवाईक, कुणी सोलापूरहून, कुणी नगरहून, रोजंदारी बुडवून आलेले, तेच स्ट्रेचर ढकलतात, तेच ब्लड बँकेत धावतात, तेच रात्री पेशंटला कूस बदलायला मदत करतात. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये हे काम पगारी नर्स आणि वॉर्डबॉय करतात आणि तो पगार त्यांच्या आरोग्यखर्चात मोजला जातो. आपल्याकडे तो मोजलाच जात नाही, म्हणून आपण स्वस्त दिसतो.

आता भागाकाराच्या वरचा भाग, आयुर्मान. आयुर्मान हे आरोग्यव्यवस्थेचं प्रगतिपुस्तक नाही, निदान एकट्या व्यवस्थेचं तरी नाही. कात्रजच्या घाटात रोज चढउतार करणारी गाडी आणि सपाट रस्त्यावर पळणारी गाडी यांचं ॲव्हरेज काढून कुठलं इंजिन चांगलं ते ठरवता येत नाही, तसं हे आहे. अमेरिकेत प्रौढांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक लठ्ठ आहेत, जपानमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत एक लाखाहून जास्त माणसं ड्रगच्या ओव्हरडोसने गेली, बंदुका आणि रस्ते अपघात वेगळेच. ही बहुतेक तरुण माणसं, त्यामुळे सरासरी आयुर्मान जोरात खाली येतं. यातलं किती हॉस्पिटलच्या हातात आहे? थोडंफार आहे, व्यसनमुक्तीचे उपचार वगैरे, पण बरंचसं नाही. उलट जपानचं ८४ वर्षांचं आयुर्मान त्यांच्या जेवणातून, चालण्यातून आणि कमी विषमतेतूनही येतं, सगळं श्रेय डॉक्टरांना देता येत नाही.

आपल्याकडचंच बघा ना. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला, धायरी-नांदेडगाव-किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकदम वाढले, संशयित पेशंट दोनशेच्या वर गेले, तपासण्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि दूषित पाण्याशी संबंध जोडला गेला. एकेका पेशंटला अँटीबॉडीजची महागडी आयव्हीआयजी इंजेक्शनं, काहींना व्हेंटिलेटर, आठवडेच्या आठवडे आयसीयू. हा सगळा खर्च 'आरोग्यखर्च' म्हणून मोजला जाईल. पाण्यात नीट क्लोरीन पडणं, पाइपलाइन वेळेवर बदलणं, हे मात्र पाणीपुरवठ्याच्या खात्यात. म्हणजे जो देश पाण्यावर नीट खर्च करतो त्याची आरोग्यव्यवस्था फुकटात एफिशिएंट दिसते आणि जो करत नाही त्याचे आयसीयूवाले जीव तोडून काम करूनसुद्धा वाईट दिसतात.

त्यात वेळेचाही प्रश्न आहे. आपल्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी, आणि ती मुलं आज मोठी झालीत तरी तो चालू आहे. त्यातून जे समजलं त्याचं सार असं, की आईच्या पोषणाचा परिणाम मुलाच्या शरीराच्या घडणीवर आणि पुढे त्याच्या डायबेटिसच्या शक्यतेवर होतो. मग आज पुण्यात चाळिशीतल्या माणसाला डायबेटिस झाला तर ते कुठल्या वर्षीच्या व्यवस्थेचं अपयश? तुमची शीट २०२३ चा खर्च आणि २०२३ चं आयुर्मान एका ओळीत ठेवते, पण त्या आयुर्मानाचं बी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पेरलेलं असतं.

तुम्ही म्हणाल की मोठमोठ्या संस्था क्रमवारी लावतातच की. लावतात, आणि त्यांचं काय होतं तेही सांगते. डब्ल्यूएचओने २००० साली १९१ देशांची यादी काढली, फ्रान्स पहिला, इटली दुसरा, ओमान आठवा, इंग्लंड १८ वा, अमेरिका ३७ वी, भारत ११२ वा. अमेरिकेचा तो ३७ नंबर अजून भाषणांत ऐकू येतो. पण त्यात 'व्यवस्था लोकांशी कशी वागते' हा जो निकष होता तो फक्त ३५ देशांतल्या जाणकारांना विचारून काढलेला होता आणि बाकीच्या देशांसाठी अंदाज बसवलेले होते, पाच निकषांना किती वजन द्यायचं हाही निवडीचा प्रश्न होता. इतकी टीका झाली की डब्ल्यूएचओने तशी यादी पुन्हा काढलीच नाही. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेची एफिशियन्सी यादी होती ती जवळजवळ तुमच्या शीटसारखीच, आयुर्मान आणि खर्च, त्यात हाँगकाँग आणि सिंगापूर वर यायचे. आणि कॉमनवेल्थ फंड या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या २०१४ च्या तुलनेत ११ देशांत इंग्लंड एकूण पहिलं होतं, पण त्याच अहवालात 'लोक किती निरोगी जगतात' या एका निकषावर तेच इंग्लंड दहावं होतं! म्हणजे उपचार मिळणं, त्यांचा दर्जा, कारभार यांत पहिला आणि माणसं निरोगी असण्यात शेवटून दुसरा. एकाच अहवालातून दोन उलट बातम्या काढता येतात आणि लोकांनी त्या काढल्याही.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण वरचा आकडा बदलून. योग्य वेळी बरे उपचार मिळाले तर जे मृत्यू टळायला हवे होते तेवढेच मोजायचे, म्हणजे पंचाहत्तरीच्या आतले अपेंडिक्सचे, बाळंतपणातले, टीबीचे, हाय बीपीतून आलेल्या स्ट्रोकचे, वेळेत सापडला तर बरा होणाऱ्या कॅन्सरचे. नोल्टे आणि मॅकी या दोन संशोधकांनी २००८ मध्ये १९ श्रीमंत देशांची अशी तुलना केली तेव्हा फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया वर होते आणि अमेरिका शेवटची. हा निकाल मला आयुर्मानाच्या कॉलमपेक्षा कितीतरी जास्त गंभीर वाटतो, कारण इथे लठ्ठपणा आणि बंदुकांकडे बोट दाखवून फारसं सुटता येत नाही. आणि भारत? याच धर्तीचा एचएक्यू इंडेक्स (आरोग्यसेवा किती मिळते आणि कशी मिळते याचा निर्देशांक) २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, १९५ देशांत आपण १४५ वे. श्रीलंका ७१ वी. म्हणजे तुमच्या शीटमध्ये भारत वर जातो आणि प्रश्न नीट विचारला की तिथून खाली येतो.

एक सावधगिरीचा मुद्दा मध्येच. भाऊ बहुतेक कॅन्सरचे आकडे दाखवतील, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेत ९० टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते खरंच चांगलं आहे, त्यांचं तेवढं म्हणणं मान्य करा. फक्त मॅमोग्राफीने आजार लवकर सापडला की 'पाच वर्षं' हे घड्याळही लवकर सुरू होतं, त्यामुळे सगळाच फरक उपचारांचा नसतो.

आता पैसा कुठे गळतो ते. इथे देशोदेशी वेगळं उत्तर येतं आणि मला हा भाग सगळ्यात जास्त शिकवून गेलाय.

अमेरिकेत लोक डॉक्टरकडे जास्त जातात किंवा हॉस्पिटलमध्ये जास्त दिवस राहतात असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नाहीये. तिथे प्रत्येक गोष्टीचा दर जास्त आहे. आरोग्याचे अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आकडे मांडून हे दाखवलं आणि नंतरच्या अभ्यासांतही तेच निघत राहिलं. वयस्करांच्या सरकारी विम्याला, मेडिकेअरला, औषधांच्या किमतीवर घासाघीस करायची परवानगीच २०२२ च्या कायद्याने मिळाली. त्यात शेकडो विमा कंपन्या, प्रत्येकीचे फॉर्म वेगळे, प्री-ऑथ (उपचाराआधी घ्यायची मंजुरी) वेगळं, म्हणून बिलिंगवाल्यांची फौज. जपान याच्या नेमका उलट, लोक वर्षातून दहाबारा वेळा डॉक्टरकडे जातात, हॉस्पिटलात रहायचे दिवसही खूप, एमआरआय मशीन गल्लोगल्ली, पण प्रत्येक गोष्टीचा दर सरकार ठरवतं आणि दर दोन वर्षांनी तो तपासला जातो. म्हणजे जपान 'वापरात' उधळा आहे आणि 'दरात' काटकसरी, अमेरिका बरोबर उलटी.

इंग्लंडमध्ये दरही आवाक्यात आणि वापरही, कारण बजेट वरून बांधलेलं. १९९९ पासून नाइस नावाची संस्था आहे, ती नवीन औषध घ्यायचं की नाही हे ठरवताना एक चांगलं निरोगी वर्ष मिळायला किती पाउंड लागतात ते बघते, साधारण २० ते ३० हजार पाउंड ही बरीच वर्षं त्यांची मर्यादा होती. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, सगळ्यांसमोर आकडा मांडून 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. पण तिथे हॉस्पिटलातल्या ठरवून करायच्या उपचारांसाठीची वेटिंग लिस्ट सत्तर लाखांच्या वर गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभर लंगडत थांबणं हाही खर्चच आहे, फक्त तो एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, बजेटमध्ये दिसत नाही, पेशंटच्या घरात दिसतो. आपल्याकडे खिशातून जातो, तिकडे वेळातून.

रिकाम्या खाटांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. घाटापलीकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाचं कॉस्टिंग केलं की एका डिलिव्हरीचा खर्च डोळे विस्फारतील इतका येतो, कारण महिन्याला डिलिव्हऱ्या मोजक्या, पण नर्स, डॉक्टर, ओटी, जनरेटर हे सगळं चोवीस तास ठेवावंच लागतं. दुसरीकडे शहरातलं गच्च भरलेलं हॉस्पिटल, जिथे एका खाटेवर दोन बाळंतिणी, तिथे डिलिव्हरीमागे खर्च सगळ्यात कमी. कागदावर दुसरं हॉस्पिटल एफिशिएंट आणि पहिलं बंद करायच्या लायकीचं. पण पहिलं बंद केलं तर पावसाळ्यात रात्री दोन वाजता अडलेली बाई कुठे जाणार? तिथल्या रिकाम्या खाटेचं काम रिकामं राहून तयार असणं हेच आहे. आणि दोन बाळंतिणींची खाट ही काटकसर नव्हे, ती खर्च न करता इन्फेक्शनचा धोका त्या दोघींच्या अंगावर ढकलणं आहे.

देशांचंही हेच होतं. जर्मनीत दर हजार लोकांमागे आठच्या आसपास खाटा, इंग्लंडमध्ये अडीचच्या आत. जुलै २०१९ मध्ये बर्टल्समान फाउंडेशन या जर्मन संस्थेच्या अभ्यासात म्हटलं होतं की जर्मनीत जवळपास १,४०० हॉस्पिटलं आहेत, सहाशेच्या आत भागेल. वर्षही झालं नाही आणि कोविड आला, आणि तेव्हा जर्मनी इटलीचे, फ्रान्सचे पेशंट विमानाने आणून स्वतःच्या आयसीयूत ठेवू शकली. याने तो अभ्यास चुकीचा ठरत नाही, छोट्या हॉस्पिटलात अवघड ऑपरेशनं होऊ नयेत हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण रिकामी क्षमता म्हणजे वाया गेलेला पैसा की विम्याचा हप्ता, हे तुम्ही कुठल्या वर्षी मोजता त्यावर ठरतं. पुण्यात २०२० मध्ये सीओईपीच्या (इंजिनिअरिंग कॉलेजच्या) मैदानावर जंबो हॉस्पिटल घाईघाईने उभं करावं लागलं, ते का करावं लागलं याचं उत्तर आधीच्या वर्षांच्या कमी खर्चातच आहे.

म्हणजे आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर अमेरिका दरात गळते, इंग्लंड वेळात, जपान वापरात, जर्मनी खाटांत (साथीचं वर्ष सोडून), आणि भारतात पैसा गळायला आधी तो असावा लागतो, तोच पुरेसा नाहीये आणि जो आहे त्यातला बराचसा घरच्यांच्या खिशातून. ओईसीडीने (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) २०१० मध्ये आपल्या सदस्य देशांची अशी तुलना केली तेव्हा निष्कर्ष असा निघाला की सरकारी, विमा किंवा बाजारावर चालणारी अशी कुठलीही एक पद्धत सरसकट जास्त एफिशिएंट नाही, एकाच पद्धतीच्या देशांमधला आपसातला फरक जास्त मोठा आहे. म्हणून 'कुणाचं मॉडेल घ्यावं' या प्रश्नावर नुसतं 'विमा आणा' किंवा 'सगळं सरकारी करा' असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

माझं मत, आपण सिंगापूरकडे बघू नये. तो शहराएवढा देश आहे, आणि लोक समजतात तसा तो बाजारावर चालणाराही नाही, तिथल्या हॉस्पिटलातल्या बहुतेक खाटा सरकारी मालकीच्या संस्थांच्या आहेत. आपण थायलंडकडे बघावं. त्यांनी २००२ मध्ये सगळ्यांना कव्हर दिलं, पेशंटने एका वेळी ३० बाट द्यायचे आणि बाकी सरकार. खिशातून जाणारा खर्च एक तृतीयांशाच्या आसपास होता तो १० टक्क्यांच्या जवळ आला. पण त्याच्या आधीची वीसेक वर्षं त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात हॉस्पिटलं बांधली आणि नव्या डॉक्टरांना तिथे सक्तीने पाठवलं, हे लोक विसरतात. आपण कार्ड आधी वाटलं. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला पाच लाखांचं कव्हर, आपली महात्मा फुले योजना आहे, त्यातून बायपास, कॅन्सरच्या मोठ्या उपचारांत लोकांचे जीव आणि घरं वाचलीत हे मी बघितलंय. पण या योजना ॲडमिट झाल्यावर लागू होतात, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या, ओपीडी, तपासण्या, ज्यात लोकांचा पैसा महिन्या-महिन्याला जातो, ते बाहेरच राहतं.

आणि खरं तर थायलंडपर्यंतही जायला नको. एसआरएसच्या (सरकारची जन्म-मृत्यूंची नमुना पाहणी) २०२० च्या आकड्यांत हजार जन्मांमागे बालमृत्यू केरळात ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. राज्यघटना एक, चलन एक. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. एफिशिएंट या शब्दाला मी ज्या थोड्या गोष्टी मनापासून लावते त्यातली ही एक आहे.

तर शीट टाकून देऊ नका, बदला. आयुर्मानाऐवजी टाळता येण्याजोगे मृत्यू घ्या, ओईसीडीच्या साइटवर श्रीमंत देशांचे मिळतात. खर्चाच्या कॉलमशेजारी 'खिशातून किती टक्के' हा कॉलम टाका आणि जमलं तर ऑपरेशनसाठी किती थांबावं लागतं तो पण. डॉलरमध्ये बदलताना बाजारातला दर न घेता पीपीपी (त्या त्या देशातली स्वस्ताई-महागाई धरून काढलेला दर) घ्या, नाहीतर पुण्यातल्या नर्सचा पगार न्यू जर्सीच्या नर्सशेजारी ठेवल्यासारखं होईल. अमेरिकेची तुलना जपान, जर्मनी, फ्रान्सशी करा, भारताची थायलंड, श्रीलंका, व्हिएतनामशी, एकाच यादीत सगळ्यांना ओतू नका. आणि भारतासाठी एकच ओळ न ठेवता राज्यं वेगळी काढा, एसआरएस आणि नॅशनल हेल्थ अकाउंट्स दोन्ही फुकट डाउनलोड होतात. पीपीपीच्या फॉर्म्युल्यात अडलात तर खाली विचारा, मी बघून सांगेन.